वसंतातील परसबाग

छत्रपती संभाजीनगरात परसबागेचा उन्हाळी हंगाम माघ-फाल्गुनातच सुरू होतो. भेंडी, गवार, दोडका, कारले यांचे बी फेब्रुवारी-मार्चमध्ये पडले नाही, तर कोवळी रोपे एप्रिलच्या उन्हात होरपळतात. शहराला पाणी पैठणच्या जायकवाडी धरणातून मिळते आणि नळाला ते अनेक दिवसांआड येण्याचा अनुभव नागरिकांनी वर्षानुवर्षे घेतला आहे. त्यामुळे वसाहतींमधील बागकाम वर्गांत लागवडीआधी ओलावा राखणे शिकविले जावे. वाफ्यात गळ्यापर्यंत पुरलेले सच्छिद्र मडके भरून ठेवल्यास पाणी मुळांशीच झिरपते.

खताचा प्रश्न या शहराला निराळ्या वाटेने कळला. फेब्रुवारी २०१८ मध्ये ग्रामस्थांनी नारेगावच्या डेपोत कचऱ्याच्या गाड्या येऊ दिल्या नाहीत आणि रस्तोरस्ती ढीग साचले. ओल्या कचऱ्याचे घरीच खत करणे तेव्हापासून निव्वळ हौसेचे राहिले नाही.

फळझाडांसाठी मुघलकालीन हिमायत बागेकडे पाहावे. तेथे वसंतराव नाईक मराठवाडा कृषी विद्यापीठाचे फळ संशोधन केंद्र आहे. बाकी सामग्री अंगणातच असते. कडुनिंबाची झडलेली पाने अनेक ठिकाणी अजूनही पेटवली जातात. तीच खताच्या पिंपात ओल्या कचऱ्यावर पसरली, तर दुर्गंधी येत नाही; उरलेली कुंडीतील मातीवर आच्छादन म्हणून घालावीत.