प्रत्येक प्रश्नामागे एक अपघात आहे

(पोस्ट लांब आहे. पण घरात कुणी आयटीच्या मुलाखतीची तयारी करत असेल तर शेवटपर्यंत वाचा.)

आपल्या भागातली पोरंपोरी इंजिनिअरिंग, बीसीए, एमसीए करून हिंजवडी-खराडीला मुलाखतींना जातात. मोबाइलमध्ये 'पन्नास प्रश्न, पन्नास उत्तरं' छापाची पीडीएफ असते. त्यात बिल्ड टूल आणि डिपेंडन्सीचा भाग हमखास असतो. मेवन म्हणजे काय? पॉम फाइल म्हणजे काय? इन्स्टॉल आणि डिप्लॉयमध्ये फरक काय? उत्तरं तोंडपाठ असतात. पण समोरचा "बरं, पण असं का?" म्हणाला की गाडी अडते.

मी पत्रकार, कोड लिहून पोट भरत नाही. पण 'का' विचारणं हाच आमचा धंदा. म्हणून या प्रश्नांचा थोडा इतिहास सांगतो.

सुरुवात १९७६ची, अमेरिकेतली बेल लॅब्स. स्टीव्ह जॉन्सन नावाचा प्रोग्रामर वैतागून स्टुअर्ट फेल्डमन या सहकाऱ्याच्या खोलीत शिरला. अख्खी सकाळ तो एका प्रोग्राममधली चूक शोधत होता, आणि चूक तर त्याने आधीच दुरुस्त केलेली! फक्त दुरुस्त केलेली फाइल पुन्हा कंपाइल करायची राहिली होती, त्यामुळे चालत होता तो जुनाच प्रोग्राम. आमच्या धंद्यातलं सांगायचं तर पान तीन सुधारलं, पण छपाईला प्लेट गेली जुनीच.

यावर फेल्डमनने 'मेक' लिहिलं. कुठली फाइल कशावर अवलंबून आहे हे एकदा लिहून ठेवा. जे बदललं तेवढंच मेक पुन्हा बनवेल. बिल्ड ऑटोमेशनचा पाया हाच. पुढे २००३ मध्ये फेल्डमनला याच कामासाठी एसीएम या संस्थेचा पुरस्कार मिळाला.

मेकची एक खोड मात्र प्रसिद्ध आहे. आज्ञेची ओळ टॅबनेच सुरू व्हायला हवी, स्पेस चालत नाही. फेल्डमनने स्वतःच नंतर सांगितलंय, की हे खटकलं तोवर डझनभर लोक मेक वापरायला लागले होते, त्यांचं काम मोडायला नको म्हणून ते तसंच ठेवलं. त्या डझनभर लोकांसाठीचा नियम आज जगभरातले प्रोग्रामर पाळतात.

मग जावा आली. जेम्स डंकन डेव्हिडसनने लिहिलेलं 'अँट' २००० साली स्वतंत्रपणे बाहेर पडलं. काम सोपं झालं, पण दोन अडचणी उरल्या. एक, प्रत्येक प्रोजेक्टची मांडणी वेगळी, नव्या माणसाला पहिल्यापासून शिकावं लागायचं. दोन, दुसऱ्यांनी लिहिलेल्या जार फाइली हाताने आणून फोल्डरमध्ये टाकायच्या. त्यातली कुठली आवृत्ती, कुणी आणली, कशासाठी आणली, पत्ता नाही.

याला उत्तर म्हणून जेसन व्हॅन झिल आणि मंडळींनी 'मेवन' उभं केलं. २००४ मध्ये पहिली आवृत्ती, २००५ मध्ये दुसरी. मेवन हा यिद्दिश भाषेतला शब्द, अर्थ साधारण 'जाणकार'. त्याने प्रत्येक जारला पूर्ण पत्ता दिला: ग्रुप, आर्टिफॅक्ट, व्हर्जन. तुम्ही पॉम फाइलमध्ये पत्ता लिहायचा, मेवन ती वस्तू मध्यवर्ती साठ्यातून आणतो. इन्स्टॉल म्हणजे तयार माल आपल्याच मशीनवरच्या कोठीत ठेवणं. डिप्लॉय म्हणजे सगळ्यांच्या सामायिक गोदामात पाठवणं.

आता ट्रान्झिटिव्ह डिपेंडन्सी. लग्नाला एका पाहुण्याला बोलावलं की त्याच्यासोबत चौघं येतात, त्या चौघांसोबत आणखी. मेवन हे अख्खं वऱ्हाड स्वतःच गोळा करतो. एकाच वस्तूच्या दोन आवृत्त्या आल्या तर जवळचं नातं जिंकतं. नातं सारख्याच अंतरावर असेल तर यादीत ज्याचं नाव आधी, तो. 'प्रोव्हायडेड' स्कोप म्हणजे भांडी कार्यालयवाले देणार आहेत, आपण घरून न्यायची नाहीत. आणि सगळं वऱ्हाड पाहायचं असेल तर 'डिपेंडन्सी ट्री'ची आज्ञा. मुलाखतीत हे असं सांगा, समोरच्याला कळतं की तुम्हाला कळलंय.

पण वऱ्हाडात कोण आलंय हे पाहिलं नाही तर काय होतं?

मार्च २०१६. जावास्क्रिप्टच्या एनपीएम या साठ्यात अझर कोचुलू या प्रोग्रामरच्या एका पॅकेजच्या नावावर 'किक' कंपनीने हक्क सांगितला. एनपीएमने नाव कंपनीला दिलं. चिडून त्याने आपली सगळी पॅकेजेस काढून घेतली. त्यातलं 'लेफ्ट-पॅड' अवघ्या ११ ओळींचं, शब्दाच्या डाव्या बाजूला जागा भरणारं. तेवढ्याने जगभर बिल्ड तुटू लागले. अनेकांना आपण ते वापरतो हेच माहीत नव्हतं. काही तासांत एनपीएमला ते परत ठेवावं लागलं.

डिसेंबर २०२१ यापेक्षा वाईट. लॉगफोरजे ही जावाची नोंदवही. तिच्यात एक ठरावीक मजकूर लिहिला गेला की दूरच्या मशीनवरचा कोड आणून चालवला जाऊ शकत होता. धोक्याचे गुण १० पैकी १०. जगभरच्या कंपन्यांपुढे पहिला प्रश्न होता, "आपल्याकडे ही आहे का?" कारण अनेक ठिकाणी ती थेट बोलावलेली नव्हती, पाहुण्याच्या पाहुण्यासोबत आली होती.

म्हणून आता सरकारंही या यादीकडे पाहू लागली आहेत. अमेरिकेने मे २०२१ च्या आदेशातच सॉफ्टवेअरच्या घटकयादीचा विषय आणला होता. आपल्याकडे केंद्राच्या सर्ट-इनने ऑक्टोबर २०२४ मध्ये अशा यादीची मार्गदर्शक तत्त्वं काढली. तुमच्या बँकेचं ॲप, दवाखान्याची नोंदणी, सातबाऱ्याची साइट, सगळ्यांच्या पोटात कुणाकुणाचा कोड असतो. त्याचा हिशेब ठेवणं हे उद्या आपल्याच पोरांचं काम असणार आहे. नुसत्या पाठांतरावर ते निभणार नाही.

तयारी करणाऱ्यांना एवढंच सांगणं: पीडीएफ टाकून देऊ नका, पण प्रत्येक उत्तरापुढे 'हे नव्हतं तेव्हा काय बिघडत होतं?' हे एका ओळीत लिहा. मग एक छोटा प्रोजेक्ट स्वतः बनवा, त्याचं डिपेंडन्सी ट्री काढा, आणि तुम्ही न बोलावलेले किती जण आलेत ते मोजा. एका संध्याकाळचं काम आहे. फी लागत नाही.

ओळखीत कुणाची मुलाखत असेल तर त्यांच्यापर्यंत पोचवा.