बिल्ला डॉक्टरच्या छातीवर, किरण रुग्णाच्या पाठीवर

भंडारा ते नागपूर अंतर साधारण ६० किलोमीटर. साकोली, पवनी, लाखांदूरकडचे अनेक हृदयरुग्ण अँजिओग्राफी किंवा अँजिओप्लास्टीसाठी नागपूरला जातात आणि थोड्याच दिवसांत गावी परततात. या परतीच्या प्रवासाचा क्ष-किरणांशी काय संबंध, हे समजण्यासाठी थोडे मागे जावे लागेल.

१९२९ साली जर्मनीतल्या एबर्सवाल्ड येथे वेर्नर फोर्समन या तरुण डॉक्टराने स्वतःच्या कोपराजवळच्या शिरेतून एक लांब नळी आत सरकवली, तशाच अवस्थेत क्ष-किरण विभाग गाठला आणि नळीचे टोक हृदयात पोहोचल्याचे चित्र काढून घेतले. वरिष्ठांना हा उपद्व्याप रुचला नाही. नोबेल पारितोषिकासाठी १९५६ साल उजाडावे लागले! पुढे १९५८ मध्ये क्लीव्हलँडला मेसन सोन्स यांची नळी अनवधानाने थेट हृदयाच्या रोहिणीत शिरली आणि रोहिण्यांचे चित्रण सुरू झाले. १९७७ मध्ये झुरिकला आंद्रेआस ग्रुंट्झिग यांनी फुग्याच्या साहाय्याने अरुंद रोहिणी रुंद केली. येथून क्ष-किरणांचे काम बदलले. निदानाचे चित्रण काही मिनिटांत आटोपते. उपचारात मात्र तार, फुगा, नळी सारेच पडद्यावर पाहत पुढे न्यावे लागते. अवघड रोहिणी असेल तर नलिका तासभरही चालू राहते.

यात डॉक्टर आणि तंत्रज्ञांची काळजी आधी घेतली गेली. आपल्याकडे तुर्भ्याच्या भाभा अणुसंशोधन केंद्रात तयार झालेला बिल्ला १९७५ पासून वापरात आला. त्यात डिस्प्रोझियम मिसळलेल्या कॅल्शियम सल्फेटच्या तीन चकत्या असतात. प्रारणाची ऊर्जा त्या साठवून ठेवतात आणि तापवल्या की प्रकाशरूपाने परत देतात. प्रकाश जितका जास्त, तितकी मात्रा जास्त. छातीवर, शिशाच्या अंगरख्याच्या आत लावलेला हा बिल्ला ठराविक काळाने प्रयोगशाळेत वाचला जातो. कर्मचाऱ्याला वर्षाला किती मात्रा चालेल याची मर्यादाही ठरलेली आहे.

रुग्णासाठी अशी मर्यादा नाही, आणि ते योग्यच आहे असे आम्हाला वाटते. रोहिणी उघडत आली असताना मात्रा संपली म्हणून हात आखडता घेणे परवडणारे नाही. पण मर्यादा नसणे वेगळे आणि हिशेब नसणे वेगळे. बराच काळ हिशेबही नव्हता.

त्याची किंमत अमेरिकेत दिसली. मार्च १९९० मध्ये एका चाळीस वर्षांच्या रुग्णावर एकाच दिवशी अँजिओग्राफी, अँजिओप्लास्टी, पुन्हा अँजिओग्राफी आणि शेवटी बायपास शस्त्रक्रिया झाली. पाठीच्या त्वचेला बहुधा २० ग्रेहून अधिक मात्रा मिळाली. (एक ग्रे म्हणजे दर किलोग्रॅममागे शोषलेली एक ज्यूल ऊर्जा.) लाल डाग उठला, काही महिन्यांत तेथे जखम झाली आणि अखेर दुसरीकडची त्वचा आणून लावावी लागली. अशा घटना साचल्यावर १९९४ मध्ये तेथील अन्न व औषध प्रशासनाने डॉक्टरांना इशारा दिला.

जखम पाठीवरच का? क्ष-किरण नलिका टेबलाखाली असते. शरीरात शिरणाऱ्या किरणांपैकी शंभरातला जेमतेम एक भाग पलीकडे पोहोचून चित्र उमटवतो. सर्वांत जास्त मार बसतो तो प्रवेशाच्या जागी, त्वचेवर. नलिका जितकी जवळ तितकी मात्रा वर्गाच्या पटीत वाढते. म्हणून टेबल उंच ठेवायचे, चित्रग्राहक छातीजवळ आणायचा, झोत अरुंद करायचा, सेकंदाला ३० ऐवजी १५ किंवा ७.५ स्पंद वापरायचे आणि लांबलेल्या कामात कोन बदलत राहायचे, म्हणजे एकच जागा भाजत नाही. यातले कशालाच फारसा खर्च नाही. पायाखालचे बटण वेळेवर सोडणे तर फुकटच. आता यंत्रच त्वचेजवळच्या मात्रेचा अंदाज ग्रेमध्ये दाखवते.

आता परतीच्या प्रवासाकडे येऊ. मोठ्या मात्रेचा लालसर डाग अनेकदा दोन-तीन आठवड्यांनी उमटतो. तोवर रुग्ण लाखांदूरला घरी पोहोचलेला असतो. डाग पाठीवर, त्यामुळे त्याला स्वतःला दिसत नाही. गावचा डॉक्टर त्याला नायटा किंवा ॲलर्जी समजून मलम देऊ शकतो, आणि ज्याने नलिका चालवली त्याला कधी कळतही नाही. अशा वेळी डिस्चार्जच्या कागदावर स्टेंटच्या लांबी-रुंदीशेजारी ग्रेचा आकडा लिहिलेला असेल, तर गावच्या डॉक्टरला मलमाऐवजी नागपूरला फोन करायचे सुचेल. आकडा ५ ग्रेच्या पुढे गेला असेल, तर महिनाभराने पाठ कुणाकडून तरी पाहून घ्या, असे रुग्णाला निघतानाच सांगायला हवे.