हिऱ्यातील दोष



जवाहिऱ्याकडे हिरा नेला की तो भिंग लावून प्रथम दोष शोधतो. दोष सापडला की किंमत उतरते. परंतु अशाच एका दोषाने शास्त्रातील एका जुन्या वादाचा निकाल लावण्यास हातभार लावला. त्याची ही हकीकत.

१९३५ साली आइन्स्टाइन, पोडोल्स्की आणि रोझेन यांनी पुंजयांत्रिकीवर एक आक्षेप घेतला. या शास्त्रानुसार दोन कणांची अशी गुंफण होऊ शकते की, ते कितीही दूर असले तरी त्यांच्यावरील मोजमापांचे निकाल एकमेकांशी जुळतात. आइन्स्टाइन यांना हे शास्त्र अपुरे वाटले. १९६४ मध्ये जॉन बेल यांनी हा वाद प्रयोगाने सोडविण्याची कसोटी सांगितली. १९७२ मध्ये क्लाउझर व फ्रीडमन यांनी आणि १९८२ मध्ये अॅस्पे यांनी प्रयोग केले. निकाल पुंजयांत्रिकीच्या बाजूने लागला. तरीही काही पळवाटा उरल्याच.

आता हिऱ्याकडे वळू. हिऱ्यात कधी कार्बनच्या जागी नायट्रोजनचा अणू बसतो व शेजारची जागा रिकामी राहते. अशा दोषातील इलेक्ट्रॉन माहितीचा एकक, म्हणजे क्यूबिट, होऊ शकतो. त्याची स्थिती प्रकाशाने वाचता येते, सूक्ष्मलहरींनी बदलता येते. असा एकेकटा दोष १९९७ मध्ये जर्मनीत प्रथम टिपला गेला.

२०१५ साली हॉलंडमधील डेल्फ्ट येथे १.३ किलोमीटर अंतरावरील दोन हिऱ्यांतील इलेक्ट्रॉनांची गुंफण करून बेल यांची कसोटी घेण्यात आली. २२० तासांत केवळ २४५ वेळा प्रयत्न यशस्वी झाला, म्हणजे तासाला जेमतेम एकदा! बेल यांची मर्यादा २ होती, उत्तर २.४२ आले. मुख्य पळवाटा एकाच प्रयोगात बंद झाल्या.

पुढचा प्रश्न असा की, अशा अनेक हिऱ्यांचे जाळे विणता येईल काय? तारायंत्रात क्षीण झालेला संदेश पुन्हा जोरकस करून पुढे पाठवीत. येथे ते चालत नाही, कारण अज्ञात पुंजस्थितीची हुबेहूब नक्कल करता येत नाही. हे १९८२ मध्ये सिद्ध झाले. म्हणून वाटेत ठाणी हवीत, जी स्थिती साठवून ठेवतील आणि टप्प्याटप्प्याने गुंफण पुढे नेतील. २०२१ मध्ये डेल्फ्टला तीन ठाण्यांचे जाळे उभे राहिले. २०२४ मध्ये अमेरिकेत हार्वर्डच्या शास्त्रज्ञांनी सिलिकॉनचा दोष असलेले दोन हिरे बोस्टन परिसरात टाकलेल्या ३५ किलोमीटर प्रकाशतंतूतून जोडले. तीन ठाण्यांपासून शेकडो ठाण्यांपर्यंतची वाट अजून चालायची आहे.

वाचकहो, आइन्स्टाइन यांचे अनुमान चुकले, पण त्यांचा प्रश्न वाया गेला नाही. त्याच प्रश्नाच्या मागावर गेलेल्या क्लाउझर, अॅस्पे व झायलिंगर यांना २०२२ चे नोबेल पारितोषिक मिळाले. म्हणून पालकांना विनंती आहे की, मुलाने अडचणीचा प्रश्न विचारला तर त्याला गप्प करू नका. आणि मुलांनो, तासाला एकच यश मिळाले तरी प्रयोग सोडू नका.