भोकरच्या सातबाऱ्याची कुळकथा

मोबाइलवर महाभूलेख उघडायचं, विभाग छत्रपती संभाजीनगर, जिल्हा नांदेड, तालुका भोकर, मग गावाचं नाव आणि गट क्रमांक टाकायचा. मोबाइल नंबर दिला, चित्रातली वेडीवाकडी अक्षरं ओळखून लिहिली की सातबारा समोर. पूर्वी एवढ्यासाठी तलाठी सज्जावर चकरा माराव्या लागत. तलाठी मीटिंगला गेलेला असे, किंवा रजिस्टर तहसीलला गेलेलं असे. आज भोकरच्या मोंढ्यात कापसाच्या गाडीवर बसूनही उतारा पाहता येतो. पाहायला पैसे लागत नाहीत. डिजिटल सहीचा, कामकाजाला चालणारा उतारा पंधरा रुपयांत निघतो. ही सोय 1 मे 2018 पासून सुरू झाली आणि शेतकऱ्याच्या हातात आलेल्या मोठ्या अधिकारांपैकी मी तिला एक मानतो.

पण पडद्यावर दिसतं ते या कागदाचं सगळ्यात धाकटं रूप. त्याचं घराणं जुनं आहे, आणि मराठवाड्यात ते पुण्या-सोलापूरच्या सातबाऱ्यापेक्षा वेगळ्या वाटेनं आलेलं आहे. आपल्या रानाच्या नोंदी समजून घ्यायच्या तर ही वाट ठाऊक हवी.

जमीन मोजून धारा ठरवणं आपल्याकडे मलिक अंबरपासून चालत आलं आहे. आजच्या सातबाऱ्याचा सांगाडा मात्र इंग्रजी अमलातल्या मुंबई इलाख्यात तयार झाला. गोल्डस्मिड आणि विंगेट या इंग्रज अधिकाऱ्यांनी 1835-36 च्या सुमारास इंदापूर भागात नव्यानं मोजणी केली. शेताला क्रमांक दिला, हद्दीला दगड रोवले, मातीची प्रत आण्यांत ठरवली आणि आकार बसवला. 1847 च्या संयुक्त अहवालानं या पद्धतीला पक्कं रूप दिलं. तरी त्या दप्तरात सरकारला एकाच गोष्टीशी मतलब होता: सारा कोण भरणार? जमिनीवर कर्ज कोणाचं, वाटा कोणाचा, कसतो कोण, हे त्यात नव्हतं. त्यासाठी 1903 चा हक्कनोंदणीचा कायदा यावा लागला. 1913 साली तो मुंबईच्या जमीन महसूल कायद्यातच सामावला गेला. पुढं अँडरसन या महसूल अधिकाऱ्यानं गावाच्या हिशेबाची सगळी रजिस्टरं क्रमवार लावली. महसुलातली जुनी माणसं आजही ‘अँडरसन मॅन्युअल’चा हवाला देतात. गावचे नमुने एक ते एकवीस. त्यांतला सातवा हक्कांचा, बारावा पिकांचा. हे दोन एकाच कागदावर वरखाली आले, आणि त्या जोडकागदाला लोकांनी सातबारा म्हटलं.

भोकर त्या वेळी या सगळ्याच्या बाहेर होतं. आपण निजामाच्या राज्यात. इथं निजामाचा दिवाण पहिला सालारजंग यानं 1865 साली जिल्हाबंदी केली, म्हणजे मुलखाचे जिल्हे पाडले. पुढच्या दशकात मोजणी आणि जमाबंदीचं खातं उभं राहिलं, आणि त्यानं मुंबईचीच रयतवारी मोजणी डोळ्यासमोर ठेवली. म्हणजे मोजणीचा साचा दोन्हीकडे एकाच वळणाचा, पण भाषा, नावं आणि अधिकारी वेगळे. तिकडं कलेक्टर, इकडं अव्वल तालुकदार. तिकडं कुलकर्णी, इकडं पटवारी. सर्व्हे नंबर, क्षेत्र आणि आकार यांची मूळ यादी म्हणजे सेतवार. शेतमालकाला म्हणायचं पट्टेदार. वर्षं मोजायची फसलीत. हैदराबादच्या फसली सालात 590 मिळवले की साधारण इसवी सन निघतो. संस्थानाचा जमीन महसूल कायदा 1317 फसलीचा, म्हणजे 1907-08 चा. कचेरीत उर्दू चाले. म्हणून आज जुनी नक्कल काढायला गेलेल्या माणसाला आधी उर्दू वाचणारा शोधावा लागतो.

सप्टेंबर 1948 मध्ये संस्थान भारतात आलं आणि त्यानंतरच्या सात-आठ वर्षांत मराठवाड्याच्या जमिनीवर जेवढी उलथापालथ झाली, तेवढी आधीच्या शंभर वर्षांत झाली नसेल. 1358 फसलीत हक्कनोंदणीचा नियम आला. 1949 मध्ये जहागिरी गेल्या. 1950 मध्ये हैदराबाद कुळवहिवाट कायदा झाला आणि संरक्षित कूळ हा शब्द गावोगाव पोचला. 1954 च्या कायद्यानं इनामं रद्द झाली. अशा वेळी सरकारपुढं प्रश्न उभा राहिला: आज नेमकं कोणाचं रान कोणाच्या ताब्यात आहे? जहागीरदाराच्या कागदावर एक नाव, पटवाऱ्याच्या वहीत दुसरं आणि नांगर धरणारा तिसराच.

या प्रश्नाचं उत्तर म्हणजे 1954-55 चं खासरा पाहणी पत्रक. हे पत्रक या कुळकथेतला मूळपुरुष आहे, असं माझं ठाम मत आहे. त्यात सर्व्हे नंबरावर पट्टेदार कोण आणि प्रत्यक्ष कब्जा कोणाचा, हे दोन्ही वेगवेगळ्या रकान्यांत लिहिलं गेलं. नावातच पाहणी आहे: रानात जायचं, पाहायचं आणि मग लिहायचं. म्हणून आजही वाटणीचा, कब्ज्याचा किंवा कुळाचा जुना वाद कोर्टात गेला की वकील पहिल्यांदा विचारतो, “चोपन्न-पंचावन्नचा खासरा आहे का?” जुन्या मुंबई इलाख्यातल्या शेतकऱ्याला हा प्रश्न कोणी विचारत नाही, कारण त्याच्या घराण्यात हा पूर्वजच नाही. सप्टेंबर 2023 मध्ये नेमलेल्या न्यायमूर्ती संदीप शिंदे समितीनं मराठा समाजाच्या कुणबी नोंदी शोधताना मराठवाड्यातली जी जुनी दप्तरं उघडली, त्यांतही खासरा पत्रक आणि पाहणी पत्रक होतं. ज्या कागदाकडे कोर्टातल्या वादाबाहेर दोन पिढ्या कोणी पाहिलं नव्हतं, त्यासाठी तहसीलच्या अभिलेख कक्षापुढं रांगा लागल्या.

1 नोव्हेंबर 1956 ला राज्यांची पुनर्रचना झाली. तोवर नांदेड जिल्ह्यात असलेली मुधोळ, भैंसा, कुबीर ही मंडळं आंध्रात, आदिलाबादकडे गेली. किनवट तिकडून इकडं आलं. भोकर मुंबई राज्यात आलं आणि सीमेवर राहिलं. भैंशाला, आमच्या तोंडी म्हैशाला, भोकरच्या कित्येक घरांचे सोयरे आहेत. तिकडचा सोयरा आजही आपल्या उताऱ्याला पहाणीच म्हणतो. त्याच्याकडेही मूळ कागद 1954-55 चा खासराच. एका घराण्याच्या या दोन शाखा झाल्या. तेलंगणानं ऑक्टोबर 2020 मध्ये धरणी नावाचं पोर्टल आणलं. त्यावर इतक्या तक्रारी झाल्या की 2025 मध्ये ते मोडून भूभारती आणावं लागलं. नोंदी ऑनलाइन केल्या म्हणून वाद मिटत नाहीत, हे पाहायला आपल्याला शिवेपलीकडे जावं लागलं तरी फार लांब जावं लागत नाही.

आपल्या बाजूला 1966 ची महाराष्ट्र जमीन महसूल संहिता 15 ऑगस्ट 1967 पासून लागू झाली. विदर्भ, मराठवाडा आणि पश्चिम महाराष्ट्र यांना पहिल्यांदा एक कायदा मिळाला, आणि 1971 च्या नियमांनी नोंदवह्यांचे नमुने एकसारखे केले. खासऱ्याच्या घराण्यात सातबारा असा दत्तक आला. त्याच सुमारास आणि नंतर ज्या गावांत जमिनीच्या तुकड्यांचं एकत्रीकरण झालं, तिथं सर्व्हे नंबर जाऊन गट नंबर आले. जुना कागद आणि नवा कागद यांच्यातला सांधा इथं निखळतो. आजोबांचा सर्व्हे नंबर 42 असेल तर पडद्यावरचा गट 42 आपला असेलच असं नाही. त्यासाठी एकत्रीकरणाचा 9(3), 9(4) चा उतारा लागतो. तो काढल्याशिवाय खासऱ्यापासून आजपर्यंतची साखळी जुळत नाही.

दुसरा धोका नकलेचा. हातानं लिहिलेला सातबारा दर दहा वर्षांनी नव्यानं उतरवायचा असे. उतरवताना इतर हक्कांतली एखादी ओळ गळे, एखाद्या बहिणीचं नाव राही, आण्या-पैचा हिस्सा बदले. संगणकीकरण झालं तेव्हा याच हस्तलिखितांवरून टंकलेखन झालं आणि चुका आणखी वाढल्या. म्हणून 2017 मध्ये गावोगाव चावडी वाचन घेऊन हस्तलिखित आणि संगणकीय उतारा ताडून पाहिला गेला. जे त्या वाचनाला हजर होते, त्यांच्या चुका तिथंच निघाल्या. जे नव्हते, त्यांना संहितेच्या कलम 155 खाली तहसीलदाराकडे अर्ज करावा लागतो. तो अर्ज करायला कमीपणा वाटू देऊ नये. लेखनातली चूक दुरुस्त करून मागणं हा खातेदाराचा हक्क आहे.

आता बाराव्या नमुन्याकडे. पूर्वी तलाठी बांधावर येऊन, निदान तसा नियम होता, पिकाची पाहणी करून नोंद घेई. 15 ऑगस्ट 2021 पासून ई-पीक पाहणी सुरू झाली. शेतकऱ्यानं स्वतः रानात उभं राहून मोबाइलवर फोटो काढायचा आणि पीक नोंदवायचं. कापूस, सोयाबीन, तूर, हळद, जे असेल ते. सीसीआयला, म्हणजे भारतीय कापूस महामंडळाला, कापूस घालायचा असो की हमीभावानं सोयाबीन, पेऱ्याची ही नोंद मागतातच. खासऱ्यातला ‘पाहणी’ हा शब्द जवळपास सत्तर वर्षांनी परत आला, फरक इतकाच की पाहणारा आता खुद्द कसणारा आहे. मला हा बदल फार मोलाचा वाटतो. पण ज्याच्याकडे चांगला फोन नाही, ज्याच्या शिवारात रेंज येत नाही, जो बटईनं रान करतो आणि ज्याचं नाव सातबाऱ्यावर नाहीच, त्याची नोंद कोण करणार, हा प्रश्न अजून सुटलेला नाही. 1954-55 मध्ये कब्जेदाराला वेगळा रकाना होता. तो रकाना का होता, हे आज पुन्हा आठवायला हवं.

उताऱ्यावर काय नसतं, तेही सांगितलं पाहिजे: जमिनीखालच्या खनिजाचा हक्क. सगळीकडे असं नाही. अमेरिकेतल्या टेक्सासमध्ये जमिनीखालचं तेल जमीनमालकाचं असू शकतं. वरची जमीन विकून खालचं खनिज ठेवताही येतं. असा खनिजमालक तेल काढणाऱ्या कंपनीकडून रॉयल्टी घेतो आणि आपल्या हिश्शाचा हिशेब बरोबर आहे का, ते तिथल्या रेलरोड कमिशनच्या संकेतस्थळावर ताडून पाहतो. नाव रेल्वेचं असलं तरी हेच खातं शंभरहून अधिक वर्षं तेलाचा कारभार पाहतं. जानेवारी 1993 पासूनचं दरमहाचं उत्पादन कोणालाही तिथं फुकट पाहता येतं. त्यातही एक मेख आहे: गॅसची नोंद विहिरीनुसार असते, पण तेलाची लीजनुसार, म्हणजे भाडेपट्ट्यानुसार. एका लीजमध्ये चार विहिरी असल्या तर आपल्या विहिरीतून किती तेल आलं, हे त्या नोंदीवरून कळत नाही. शिवाय आकडा भरते ती कंपनीच. सामाईक विहिरीत चार आणे हिस्सा असलेल्या भोकरच्या भावाला हे दुखणं सांगून समजावावं लागणार नाही.

आपल्याकडे मात्र संहितेच्या कलम 48 नुसार जमिनीतलं खनिज सरकारचं. सातबारा तुमचा असला तरी त्यातला मुरूम विनापरवाना काढून विकला तर दंड बाजारभावाच्या पाचपटीपर्यंत जाऊ शकतो. गावात रॉयल्टी म्हणजे शेतकऱ्यानं किंवा ठेकेदारानं सरकारला भरायची रक्कम. शेतकऱ्याच्या हक्काचं जे खालून येतं, ते फक्त पाणी, आणि त्याची नोंद मात्र उताऱ्यावर होऊ शकते. इतर हक्कांत विहीर, बोअर, कोणाचा किती हिस्सा, हे लिहिलेलं असतं. ही ओळ गळाली असेल तर उन्हाळ्यात मोटर चालू करताना भावाभावांत काय होतं, ते आपण सगळ्यांनी पाहिलं आहे.

अजून एक गोष्ट ठामपणे सांगतो. सातबारा हा मालकीचा अंतिम पुरावा नाही. कलम 157 इतकंच म्हणतं की उलट सिद्ध होईपर्यंत नोंद खरी मानायची. ती उलट सिद्ध होते ती जुन्या कागदांवरून, आणि मराठवाड्यात जुना कागद म्हटलं की सेतवार, खासरा पाहणी पत्रक आणि त्यानंतरचा एकेक फेरफार.

म्हणून भोकर, उमरी, हदगाव, किनवटच्या शेतकऱ्यांना माझी कळकळीची विनंती आहे. पडद्यावरचा सातबारा आणि आठ-अ वर्षातून एकदा तरी पाहा. आपलं नाव सापडलं म्हणून थांबू नका. क्षेत्र, भोगवट्याचा वर्ग, इतर हक्क, विहीर आणि बहिणींची नावं वाचा. उताऱ्यावरचे फेरफार क्रमांक लिहून घ्या आणि त्यांच्या नकला मागवा. मग तहसीलच्या अभिलेख कक्षात अर्ज देऊन आपल्या सर्व्हे नंबराचा 1954-55 चा खासरा काढा. उर्दू असेल तर वाचून घ्या, मराठीत उतरवून ठेवा आणि घरातल्या पोरींसकट सगळ्यांना दाखवा. उर्दू वाचणारी जुनी माणसं आणि बांध ओळखणारे म्हातारे अजून गावात आहेत तोवरच हे काम करून घ्या.