उन्हाचा हिशेब : चंद्रावरचे बर्फ शोधायला निघालेल्या 'व्हायपर'ची कहाणी

१७ जुलै २०२४. अमेरिकेत ह्यूस्टन येथील जॉन्सन अवकाश केंद्राच्या धूळमुक्त दालनात एक चारचाकी यंत्र उभे होते. वजन सुमारे ४३० किलो, वरच्या खांबासह उंची अडीच मीटरच्या घरात, तीन बाजूंना सौरपॅनेल आणि एक मीटर खोल जाणारे ड्रिल. जोडणी पूर्ण झाली होती, चाचण्या सुरू होत्या. त्या दिवशी 'नासा'ने जाहीर केले, की हे यंत्र चंद्रावर जाणार नाही. दुसऱ्या कोणी ते स्वखर्चाने नेण्याची तयारी दाखवली नाही, तर त्याचे भाग सुटे करून पुढील मोहिमांसाठी वापरले जातील. तोवर त्यावर सुमारे ४५ कोटी डॉलर खर्ची पडले होते.

यंत्राचे नाव 'व्हायपर'. चंद्राच्या दक्षिण ध्रुवाजवळ पाण्याचे बर्फ शोधणे हे त्याचे काम. पूर्ण तयार झालेल्या रोव्हरवर ही वेळ का आली, हे समजून घेण्यासाठी पैशाच्या हिशेबाआधी उन्हाचा हिशेब पाहावा लागतो.

त्या हिशेबाची पहिली मांडणी १९६१ सालची आहे. चंद्रावर माणूस उतरण्यास अजून आठ वर्षे होती. कॅलिफोर्निया इन्स्टिट्यूट ऑफ टेक्नॉलॉजीतील केनेथ वॉटसन, ब्रूस मरी आणि हॅरिसन ब्राउन यांनी केवळ भूमिती आणि भौतिकशास्त्र यांच्या बळावर एक विधान केले. पृथ्वीचा अक्ष साडेतेवीस अंशांनी कललेला आहे, चंद्राचा जेमतेम दीड अंशाने. त्यामुळे चंद्राच्या ध्रुवांवर सूर्य कधी डोक्यावर येतच नाही. तो क्षितिजाला घासून गोल फिरत राहतो. तेथील खोल विवरांच्या तळाशी ऊन पोहोचत नाही, आज नाही आणि कोट्यवधी वर्षांत पोहोचलेले नाही. धूमकेतूंच्या आघातांतून किंवा अन्य मार्गाने आलेला पाण्याचा रेणू चंद्रभूमीवर उड्या मारीत अशा विवरात पडला, तर त्या थंडीत तो तेथेच अडकून राहील, असे त्यांचे म्हणणे होते.

पुढे अपोलो मोहिमांनी ३८२ किलो खडक आणि माती आणली. ती ठणठणीत कोरडी निघाली. वास्तविक ही सगळी माती ध्रुवांपासून दूरच्या प्रदेशातली होती, म्हणजे ज्या जागेबद्दल तिघे बोलत होते, तिथे कोणी गेलेच नव्हते. तरीही 'चंद्र कोरडा' हे मत पक्के झाले आणि पुढची जवळजवळ वीस वर्षे त्याला धक्का लागला नाही.

धक्का बसला तो १९९४ मध्ये. 'क्लेमेंटाइन' यानाच्या रडार प्रयोगात दक्षिण ध्रुवाजवळ बर्फासारखे वाटणारे परावर्तन दिसले. त्यावर वाद झडले. १९९८ मध्ये 'लूनर प्रॉस्पेक्टर'ने दोन्ही ध्रुवांवर हायड्रोजनचे प्रमाण अधिक असल्याचे दाखवले. हायड्रोजन म्हणजे पाणीच, असे मात्र नाही. ३१ जुलै १९९९ रोजी हे यान मुद्दाम दक्षिण ध्रुवाजवळच्या विवरात आपटण्यात आले. उडालेल्या धुळीत पाणी दिसेल, ही आशा फोल ठरली. त्याच यानातून भूवैज्ञानिक यूजीन शूमेकर यांच्या अस्थींचा अंश चंद्रावर पोहोचला.

यानंतरच्या अध्यायात भारताचा वाटा आहे. १४ नोव्हेंबर २००८ रोजी 'चांद्रयान-१'ची आघातकुपी शॅकल्टन विवराजवळ आदळली. त्याच यानावरील 'मून मिनरॉलॉजी मॅपर' या अमेरिकी उपकरणाने चंद्राच्या पृष्ठभागावर हायड्रॉक्सिल व पाण्याच्या खुणा टिपल्या आणि सप्टेंबर २००९ मध्ये तो निष्कर्ष प्रसिद्ध झाला. त्याच उपकरणाची माहिती पुन्हा चाळून २०१८ मध्ये ध्रुवीय छायेत उघड्यावर असलेल्या बर्फाचा थेट पुरावा मांडला गेला. यान बंद पडून तेव्हा नऊ वर्षे लोटली होती.

निर्णायक प्रयोग ठरला तो 'एलक्रॉस'. ९ ऑक्टोबर २००९ रोजी रॉकेटचा सेंटॉर हा दोन टनांहून जड रिकामा टप्पा केबियस विवरात आदळवण्यात आला आणि मागोमाग येणाऱ्या छोट्या यानाने उडालेल्या फवाऱ्यातून जात मोजमापे घेतली. अमेरिकेत पहाटे उठून दुर्बिणींना डोळे लावलेल्या लोकांना काहीच दिसले नाही. वृत्तवाहिन्यांचा हिरमोड झाला. आकडे मात्र महिनाभराने बोलू लागले. पुढील विश्लेषणानुसार उपकरणांच्या दृष्टिपथात सुमारे १५५ किलो पाणी आले होते आणि त्या मातीत पाण्याचे प्रमाण साडेपाच टक्क्यांच्या आसपास होते.

या मोहिमेचे मुख्य वैज्ञानिक होते अँथनी कोलाप्रीट आणि प्रकल्प व्यवस्थापक डॅनियल अँड्र्यूज, दोघेही कॅलिफोर्नियातील एम्स संशोधन केंद्राचे. पाणी आहे हे त्यांनी दाखवले, पण ते एकाच खड्ड्यापुरते. एका बोअरला पाणी लागले म्हणून गावाच्या भूजलाचा नकाशा काढता येत नाही. बर्फ थराने आहे की मातीत कणाकणाने विखुरलेले? वर आहे की अर्धा मीटर खाली? शंभर मीटर पुढे गेल्यावर तेवढेच सापडेल का? चंद्रावर तळ उभारून त्या पाण्यातून प्राणवायू आणि इंधन काढण्याचे सगळे बेत या उत्तरांवर उभे होते, आणि ती कक्षेतून मिळणारी नव्हती. जमिनीवर फिरून, जागोजागी खोदून पाहणे भाग होते.

यासाठी आधी 'रिसोर्स प्रॉस्पेक्टर' नावाचा प्रकल्प आखण्यात आला. त्याच्या पूर्वतयारीची एक चाचणी २०१२ मध्ये हवाईतील मौना केआ ज्वालामुखीच्या उतारावर झाली होती. डिसेंबर २०१७ मध्ये अमेरिकेने माणसाला पुन्हा चंद्रावर नेण्याचे अधिकृत धोरण स्वीकारले आणि एप्रिल २०१८ मध्ये हाच प्रकल्प रद्द झाला! ऑक्टोबर २०१९ मध्ये 'व्हायपर'ची घोषणा झाली. रद्द प्रकल्पातील बरीच उपकरणे नव्या रोव्हरवर आली, आणि कोलाप्रीट व अँड्र्यूजही.

येथून खरे नियोजन सुरू झाले आणि त्यातला मूळ पेच उघड झाला. बर्फ अंधारात असते आणि रोव्हर उन्हावर जगतो. कायमच्या सावलीतील तापमान उणे २३० अंश सेल्सियसच्याही खाली उतरू शकते. तेथे रोव्हर बॅटरीवर काही तासच काढू शकतो, मग त्याला उन्हात परतावेच लागते. अन्य ग्रहगोलांवर गेलेल्या कोणत्याही रोव्हरला पुढचे दिवे नव्हते. 'व्हायपर'ला ते लावावे लागले.

त्यात ऊनही एका जागी थांबत नाही. सूर्य क्षितिजालगत सुमारे साडेएकोणतीस दिवसांत एक फेरी मारतो आणि त्याबरोबर टेकड्यांच्या लांबच लांब सावल्या जमिनीवरून सरकत राहतात. आज ज्या वाटेने रोव्हर गेला, ती चार दिवसांनी अंधारात बुडालेली असू शकते. दुसरे बंधन पृथ्वीचे होते. मधे निरोप्या उपग्रह नव्हता, संदेश थेट पृथ्वीशीच व्हायचे, आणि ध्रुवावरून पाहता पृथ्वी दर महिन्यात सुमारे दोन आठवडे क्षितिजाखाली जाते. त्या काळात रोव्हर चालवता येत नाही. त्याला अशा उंचवट्यावर नेऊन ठेवावे लागते, जिथे सलग अंधार त्याच्या सहनशक्तीपलीकडे लांबणार नाही. नियोजकांनी या जागांना 'सुरक्षित आसरे' म्हटले. आधी आसरे शोधायचे, मग त्यांना जोडणारी वाट आणि त्या वाटेवर जमेल तेवढे विज्ञान, असा हा उलटा क्रम होता. वारीच्या आखणीतही मुक्काम आधी ठरतात, चाल नंतर.

वाट आखायला नकाशा हवा. 'लूनर रिकनेसन्स ऑर्बिटर'ने वेगवेगळ्या प्रकाशात टिपलेल्या छायाचित्रांतील सावल्यांवरून महासंगणकाच्या साहाय्याने जमिनीचे उंचसखलपण काढण्यात आले. बर्फ कुठे टिकेल याचाही तापमानावरून अंदाज बांधून प्रदेशाचे चार प्रकार पाडले गेले : पृष्ठभागावर बर्फ टिकेल असे, अर्ध्या मीटरपर्यंतच्या खोलीत टिकेल असे, त्याहून खाली एक मीटरपर्यंत टिकेल असे, आणि कोरडे. चारही प्रकारांत जाऊन मोजायचे होते, कोरड्या भागातसुद्धा. अंदाज चुकला असेल, तर तो तेथेच कळला असता.

चालण्याची रीत सावकाश होती. कमाल वेग सेकंदाला २० सेंटीमीटर. चालता चालता न्यूट्रॉनमापक जमिनीखाली सुमारे मीटरभर खोलीपर्यंत हायड्रोजनचा माग घेणार. संशयास्पद जागी थांबून ड्रिल दहा-दहा सेंटीमीटरच्या घासांनी माती वर आणणार आणि अवरक्त वर्णपटमापक व वस्तुमानमापक त्या ढिगाची परीक्षा करणार. भुसभुशीत मातीत चाक रुतलेच, तर चाके उचलून पोहल्यासारखे बाहेर पडण्याची सोयही रोव्हरला दिली होती.

२० सप्टेंबर २०२१ रोजी जागा जाहीर झाली : नोबिले विवराच्या पश्चिमेचा डोंगराळ प्रदेश. कामाचे क्षेत्र सुमारे ९३ चौरस किलोमीटर, मुदत १०० दिवस. तेथील सपाट माथ्याच्या पर्वताला २०२३ मध्ये 'मॉन्स मूटन' हे नाव मिळाले. मेल्बा रॉय मूटन या 'नासा'च्या सुरुवातीच्या काळातील गणितज्ञ होत्या. एको उपग्रहांच्या कक्षा मोजणाऱ्या गटाचे नेतृत्व त्यांच्याकडे होते. सावल्यांची इतकी आकडेमोड जिथे करावी लागली, त्या भूमीला याहून शोभणारे नाव मिळाले नसते.

या आखणीत एक गोष्ट गृहीत होती : उतरण्याची तारीख. अक्ष दीड अंशाने का होईना कललेला असल्याने ध्रुवावर बारीकसे ऋतू असतात. उन्हाळ्यात अंधाराचे कालखंड आखूड, हिवाळ्यात असह्य. तारीख काही महिने पुढे गेली, तर वाट तेवढीच पुढे सरकवता येत नाही. सगळ्या सावल्याच बदलतात.

आणि तारीख रोव्हरच्या हाती नव्हती. चंद्रावर नेण्याचे काम २०२० मध्ये 'ॲस्ट्रोबोटिक' या खासगी कंपनीच्या 'ग्रिफिन' लँडरला देण्यात आले होते. जुलै २०२२ मध्ये लँडरच्या अधिक चाचण्यांसाठी मोहीम नोव्हेंबर २०२३ वरून नोव्हेंबर २०२४ वर गेली, नंतर सप्टेंबर २०२५ वर. दरम्यान रोव्हरचेही काही भाग उशिरा मिळाले. वाट पाहणे फुकट नसते. ४३.३५ कोटी डॉलरचा अंदाज ६०.९६ कोटींवर गेला. वाढ तीस टक्क्यांपलीकडे गेल्याने प्रकल्प चालू ठेवायचा की नाही, याचा फेरविचार बंधनकारक झाला आणि निर्णय विरोधात गेला. रद्द केल्याने आणखी ८.४ कोटी डॉलर तरी वाचतील, असे 'नासा'ने सांगितले. ४५ कोटी खर्चून झाल्यावर ८.४ कोटींची ही बचत अनेकांच्या गळी उतरली नाही. हजारो वैज्ञानिक व अभ्यासकांनी अमेरिकी संसदेला खुले पत्र लिहिले.

अभियंत्यांनी मात्र काम थांबवले नाही. रोव्हर निर्वात व कडाक्याच्या थंडी-उष्णतेच्या चाचण्यांतूनही पार पडला. मार्च २०२५ मध्ये त्याच्याच धाटणीचे ड्रिल आणि वस्तुमानमापक घेऊन 'अथीना' हे खासगी लँडर मॉन्स मूटनवर उतरले, पण आडवे पडले. ड्रिल बाहेर आले, हलले, जमिनीत काही गेले नाही. ध्रुवीय बर्फ ड्रिलने तपासणे तेव्हाही राहूनच गेले. त्याच महिन्यात भारत सरकारने जपानसह 'चांद्रयान-५'ला मंजुरी दिली. लँडर भारताचे, रोव्हर जपानचा, लक्ष्य तोच ध्रुव.

१९ सप्टेंबर २०२५ रोजी 'नासा'ने 'व्हायपर'साठी पुन्हा वाहन ठरवले : 'ब्लू ओरिजिन'चे 'ब्लू मून मार्क-१' लँडर, रक्कम १९ कोटी डॉलरपर्यंत, उद्दिष्ट २०२७ ची अखेर. करारातही एक अट आहे. आधी त्याच जातीचे पहिले लँडर उतरून दाखवावे लागेल, मगच रोव्हर नेण्याचा अंतिम निर्णय होईल. रोव्हरची उपकरणे तीच आहेत, दिवेही तेच. २०२४ साठी काढलेले ऊन-सावलीचे नकाशे मात्र आता निरुपयोगी आहेत. नवी तारीख नक्की झाली, की आसऱ्यांपासून सारी वाट पुन्हा आखावी लागेल.