बाजाराला दार बसते तेव्हा

आठवडी बाजाराला दार नसते. अड्याळच्या बाजारात पाल ताणले, खाली पोते अंथरले, की दुकान झाले. बाजारचिठ्ठी फाडणारा एकदा येऊन गेला की मग कोणी कोणाला हटकत नाही. अशा गावातल्या वाचकाला मॉलच्या इतिहासाचे आवतण देताना मला संकोच वाटत नाही. उघड्या बाजारात वाढलेल्या माणसाला बंदिस्त बाजारातले वेगळेपण चटकन खुपते, आणि या विषयात शिरायला तेवढे पुरते.

बहुतेक अभ्यासक सुरुवात अमेरिकेपासून करतात. मिनेसोटातल्या एडिना येथे ८ ऑक्टोबर १९५६ रोजी साउथडेल सेंटर उघडले. त्याचे वास्तुविशारद व्हिक्टर ग्रुएन हे मूळचे व्हिएन्नाचे. १९३८ साली नाझींच्या तावडीतून निसटलेले. बाहेर हाडे गोठवणारा हिवाळा, आत बारमाही सुखद हवा. दुकानांची तोंडे आतल्या चौकाकडे, बाहेरच्या बाजूला नुसत्या भिंती, एखाद्या वाड्यासारखे. ग्रुएनना या चौकाभोवती घरे, शाळा, दवाखाने हवे होते. पण या धर्तीवर पुढे देशभर उभी राहिली ती वाहनतळांनी वेढलेली बेटे, आणि उतारवयात त्यांनी मॉलचे पितृत्वच नाकारले.

मी मात्र सुरुवात पुण्यातून करीन. शनिवारवाड्यापुढच्या मैदानात उघड्यावर भरणारा बाजार हलवून शुक्रवार पेठेत मंडईची इमारत बांधायचे नगरपालिकेने ठरवले, तेव्हा सभासद असलेल्या जोतीराव फुल्यांनी विरोध केला. एवढा पैसा शिक्षणावर खर्च करा, हे त्यांचे म्हणणे. ते कोणी ऐकले नाही. १८८६ साली मंडई सुरू झाली, तिला गव्हर्नर रे यांचे नाव मिळाले आणि पुढे, आचार्य अत्र्यांच्या पुढाकाराने, खुद्द फुल्यांचे! नियतीने काढलेला हा चिमटा बाजूला ठेवला तरी एक गोष्ट उरते: मंडईला छप्पर आले, पण मालकी नगरपालिकेची राहिली आणि आत कोणी यावे हे कुणी ठरवले नाही.

ते ठरले १९९९ साली, मुंबईत हाजीअलीजवळ. क्रॉसरोड्स हा देशातल्या सुरुवातीच्या मॉलपैकी एक. तो पाहायला अशी झुंबड उडाली, की काही काळ मोबाइल किंवा क्रेडिट कार्ड दाखवणाऱ्यालाच मोकळा प्रवेश, बाकीच्यांना तिकीट. बाजारात शिरायला तिकीट! माझ्या मते आपल्याकडच्या मॉलचा खरा इतिहास या दारापाशी सुरू होतो; सरकते जिने आणि काचा हा तपशील झाला.

मग जमिनीचा प्रश्न येतो. लोअर परळला फिनिक्स मिलच्या आवारात मॉल आला. नागपुरात टाटांची एम्प्रेस मिल १८७७ साली सुरू झाली होती. तिच्या कापडाशी आपल्याकडच्या कोष्ट्यांच्या हातमागाला टक्कर द्यावी लागली. त्या गिरणीच्या जागेवर आज एम्प्रेस मॉल आहे. कोष्टी, गिरणी कामगार, विक्रेती मुलगी: भंडारा-नागपूरकडच्या एखाद्या घराण्यात हे तिन्ही सापडू शकतील, आणि कुणीतरी ते लिहायला हवे.

त्यासाठी परदेशी ग्रंथालय लागत नाही. नगरपालिकांची इतिवृत्ते, गिरण्यांच्या जमिनींचे करार, ग्रामपंचायतीतले बाजारठेक्याच्या लिलावाचे कागद, आणि जुन्या दुकानदारांच्या आठवणी एवढ्यावर पुष्कळ काम होईल. पुढची प्रकरणे याच क्रमाने लावली आहेत. साउथडेलचे शेवटी वाचले तरी चालेल.