दिव्यासमोरच्या गर्भवती: एका उपचाराचा अपुरा इतिहास

आजचा धागा एका दिव्याविषयी आहे. पांढऱ्या प्रकाशाची एक पेटी, सकाळची वेळ आणि समोर बसलेली गर्भवती स्त्री, एवढेच त्याचे साहित्य. तिच्या नैराश्यावरील हा उपचार आहे. परंतु ती पेटी तिच्यासमोर येण्यामागे विज्ञानाइतकाच भीतीचाही वाटा होता.

गर्भारपण म्हणजे आनंदाचाच काळ, ही समजूत फार जुनी. तिला पहिला ठळक छेद दिला पॅरिसच्या लुई-व्हिक्टर मार्से या तरुण वैद्याने. गर्भवती, बाळंतिणी आणि अंगावर पाजणाऱ्या स्त्रिया यांच्या मनोविकारांवर त्याने १८५८ साली स्वतंत्र ग्रंथ लिहिला. त्याने अभ्यासलेल्या ३१० स्त्रियांपैकी सुमारे ९ टक्क्यांचा आजार गर्भावस्थेतच सुरू झाला होता. आजार नोंदला गेला खरा, पण औषध कुठे होते?

आता एकदम १९८० मध्ये, अमेरिकेत येऊ. तेजस्वी प्रकाशाने माणसाच्या शरीरातील मेलाटोनिन या रात्रीच्या संप्रेरकाचे स्रवणे थांबते, हे आल्फ्रेड ल्युई यांनी त्या वर्षी दाखवले. मात्र त्यासाठी २५०० लक्सचा प्रकाश लागला. ५०० लक्सचा घरगुती उजेड पुरला नाही. (खोलीतला दिवा काहीशे लक्सचा असतो, भर उन्हात हा आकडा लाखापर्यंत जातो. आपण घरात किती अंधारात राहतो, हे यावरून उमगावे.) हर्बर्ट कर्न नावाचे एक अभियंते स्वतःच्या मनाच्या चढउतारांच्या अनेक वर्षांच्या नोंदी घेऊन याच संशोधकांकडे आले. दर हिवाळ्यात त्यांना नैराश्य ग्रासत असे. संशोधकांनी पहाटे आणि संध्याकाळी तेजस्वी दिवे लावून त्यांचा हिवाळी दिवस दोन्ही बाजूंनी लांबवला, आणि काही दिवसांतच त्यांचे मन उभारी धरू लागले. रुग्ण स्वतःच्या वह्या घेऊन येतो आणि त्यातून उपचार उभा राहतो, हे वैद्यकात विरळाच. १९८४ मध्ये नॉर्मन रोझेन्थाल आणि सहकाऱ्यांनी या ऋतुनिष्ठ नैराश्याला नाव दिले.

गर्भवतींपर्यंत हा प्रकाश पोहोचायला मात्र आणखी १८ वर्षे लागली. त्याचे कारण समजण्यासाठी थॅलिडोमाइड आठवावे लागेल. १९५७ मध्ये पश्चिम जर्मनीत बाजारात आलेले हे झोपेचे औषध गर्भवतींना मळमळीसाठीही दिले गेले. १९६१ मध्ये ते मागे घेतले जाईपर्यंत हजारो अर्भके अपुऱ्या वाढलेल्या हातापायांनिशी जन्मली होती. पुढे १९७७ मध्ये अमेरिकी अन्न व औषध प्रशासनाने गर्भधारणा होऊ शकेल अशा स्त्रियांना औषधांच्या प्राथमिक चाचण्यांतून वगळण्याची सूचना केली. ती १९९३ पर्यंत टिकली. हेतू रक्षणाचा होता, हे मान्य. परंतु परिणाम असा झाला, की गर्भवतीला काय चालते हे शोधणेच मागे पडले. औषध घ्यावे तर बाळाची धास्ती, थांबवावे तर आजार उलटण्याची. २००६ च्या एका अमेरिकी अभ्यासात गर्भावस्थेत औषध थांबवलेल्या ६८ टक्के स्त्रियांचा आजार उलटला. चालू ठेवणाऱ्यांत हे प्रमाण २६ टक्के होते.

या कोंडीत दिवा मोलाचा वाटला, कारण तो रक्तात मिसळत नाही आणि वार ओलांडत नाही. २००२ मध्ये डॅन ओरेन आणि सहकाऱ्यांनी १६ गर्भवतींना सकाळी १०,००० लक्सच्या दिव्यासमोर बसवले. तीन आठवड्यांत नैराश्याची लक्षणे सरासरी ४९ टक्क्यांनी घटली. (डोळ्यातील ज्या पेशी पाहण्यासाठी नव्हे, तर शरीराचे घड्याळ लावण्यासाठी प्रकाश टिपतात, त्यांची ओळखही त्याच वर्षी पटली, हा योगायोग.) पण तुलनेचा गटच नव्हता. २००४ च्या चाचणीत तो होता, मात्र स्त्रिया होत्या अवघ्या दहा.

२०११ मध्ये बाझेल येथील अ‍ॅना विर्त्स-जस्टिस यांच्या चाचणीत २७ जणी होत्या. काहींना ७००० लक्सचा पांढरा प्रकाश, काहींना ७० लक्सचा मंद लाल. पहिल्या गटात ८१ टक्के स्त्रियांना लक्षणीय उतार पडला, दुसऱ्यात ४५ टक्क्यांना. पुष्कळांना वाटले, प्रश्न सुटला. माझ्या मते इथे सबुरी हवी होती; लाल आणि पांढरा यांतला फरक कुणाच्याही नजरेत भरतो.

रॉटरडॅमच्या संशोधकांनी २०२० मध्ये प्रसिद्ध केलेल्या चाचणीत म्हणूनच दोन्ही दिवे पांढऱ्या छटेचे ठेवले: एक ९००० लक्सचा, दुसरा १०० लक्सचा, किंचित पिवळसर. सहा आठवडे, रोज सकाळी अर्धा तास. दोन्ही गटांत नैराश्य जवळजवळ निम्म्याने उतरले, आणि गटागटांत म्हणण्यासारखा फरक दिसला नाही. मग गुण कशाचा? मंद दिव्याचाही? रोज ठरल्या वेळी उठून अर्धा तास स्वतःसाठी शांत बसण्याचा? की कुणीतरी आस्थेने विचारपूस करत होते, त्याचा? याचा निवाडा करण्याइतक्या स्त्रियाच चाचणीत नव्हत्या. हव्या होत्या १५०, मिळाल्या ६७.